चेहऱ्यावरची सुई: कशासाठी आणि कुणाच्या हातून?

कारखान्यांचे पट्टे पडले आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडे परतल्या की बीड जिल्ह्यात लग्नसराईला जोर येतो. नारायणगड परिसरातील वाड्या-वस्त्या असोत की बीड शहर, याच दिवसांत सरकारी दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘डॉक्टर, पंधरा दिवसांवर लग्न आलंय. चेहऱ्यावर ते सुयांचं रोलर फिरवून घेऊ का?’ कधी मुलगी विचारते, कधी तिची आई, आणि अलीकडे नवरा मुलगाही विचारतो. या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण यात पैसे जातातच, पण कधी कधी चेहराही बिघडतो.

या उपचाराला मायक्रोनीडलिंग म्हणतात. केसासारख्या बारीक सुया बसवलेले रोलर किंवा पेनसारखे यंत्र त्वचेवर फिरवून हजारो सूक्ष्म छिद्रे पाडली जातात. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या हातावरचे गोंदण ज्या थरात टिकून राहते, त्याच थरापर्यंत ही सुई पोहोचते. या उपचाराची सुरुवातही गोंदणाच्या यंत्रापासूनच झाली. कॅनडातील प्लास्टिक सर्जन कामिरां आणि त्यांच्या सहकाऱ्याने शाई न भरता गोंदण्याचे यंत्र जुन्या व्रणांवर फिरवले आणि व्रण सुधारल्याचे १९९७ मध्ये नोंदवले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील डेस्मंड फर्नांडिस यांनी त्यासाठी खास रोलर तयार केले.

यामागचे तत्त्व साधे आहे. सुईने बारीक जखम झाली की शरीर ती भरायला धावते. रक्तातील प्लेटलेट्स वाढीचे घटक सोडतात, त्वचेतील पेशी जाग्या होतात आणि नवे कोलॅजन विणू लागतात. हे कोलॅजन म्हणजे त्वचेचा आतला सांगाडा. पण हे काम रातोरात होत नाही. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा उपचार घ्यावे लागतात आणि खरा फरक दिसायला तीन ते सहा महिने जातात. लग्नाच्या पंधरा दिवस आधी सुया टोचून घेणाऱ्याच्या पदरात फक्त लाली, सूज आणि बिल पडते.

आता हा उपचार कशासाठी आहे ते पाहू. मुरुमे, मुरुमांचे खड्डे आणि सुरकुत्या या तीन गोष्टी जाहिरातीत एका दमात सांगितल्या जातात. वैद्यकशास्त्रात त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मुरुमे बरी झाल्यावर मागे राहिलेल्या पसरट, उथळ खड्ड्यांवर मायक्रोनीडलिंगचा चांगला उपयोग होतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये अशा यंत्राला पहिली परवानगी दिली, तीही चेहऱ्यावरील मुरुमांच्या व्रणांसाठीच. खिळा ठोकल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांवर मात्र एकट्या सुईचा फारसा परिणाम होत नाही, त्यांना वेगळे उपचार लागतात. सुरकुत्यांवर थोडा फरक पडतो, पण वय मागे जात नाही. आणि पिकलेली, पू भरलेली मुरुमे असताना चेहऱ्यावर सुई फिरवणे म्हणजे एका जागचा जंतू साऱ्या चेहऱ्यावर पेरणे होय.

आपल्या भागासाठी आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. आपली सावळी-गव्हाळ त्वचा जखमेला काळ्या डागाने उत्तर देते. लेसरच्या तुलनेत सुईने हा धोका कमी असतो, म्हणूनच आपल्या त्वचेसाठी हा उपचार बरा मानला जातो. पण टोचून घेतल्यावर चैत्र-वैशाखाच्या उन्हात कापूस वेचलेले शेत नांगरायला किंवा पत्रिका वाटायला फिरलात, तर खड्डे राहतील बाजूला आणि चेहरा काळवंडेल. ज्यांच्या अंगावर जखमेनंतर फुगीर, वाढत जाणारे व्रण म्हणजे किलॉइड येतात, ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, ज्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे किंवा ओठाजवळ नागिणीसारखे फोड आले आहेत, त्यांनी डॉक्टरांना हे आधी सांगितलेच पाहिजे.

खरी काळजी मात्र सुई कुणाच्या हातात आहे याची आहे. बाजारात काहीशे रुपयांना रोलर मिळते. पार्लरमध्ये तेच रोलर एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर गेले, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा मार्ग मोकळा होतो. सॅनिटायझरने पुसून सुई निर्जंतुक होत नाही. ही भीती पोकळ नाही. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये स्वतःचे रक्त वापरून सुयांचे फेशियल करून घेतलेल्या किमान तीन महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले. आपल्याकडे गोंदवून किंवा टोचून घेतलेल्या व्यक्तीचे रक्त १२ महिने रक्तपेढी घेत नाही, तेही याच कारणाने.

चेहऱ्याचा उपचार ‘वरवरचा’ असतो, हा समजही सोडला पाहिजे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे प्रकरण २०२३ मध्ये उजेडात आले. कारण होते ब्यूटीशियनकडून आणलेले गोरेपणाचे क्रीम. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने त्याचा छडा लावला, तेव्हा त्यात पारा निघाला. नुसते चोळलेले क्रीम मूत्रपिंडापर्यंत पोहोचते, तर सुईने हजार छिद्रे पाडून वर चोळलेले अनोळखी ‘सीरम’ कुठवर जाईल, याचा विचार करावा.

खड्डे पडल्यावर ते भरण्यापेक्षा ते पडू न देणे स्वस्त आणि सोपे आहे. मुरुमे हा आजार आहे, त्यावर औषध आहे. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडापॅलिनसारखी मलमे महागडी नाहीत. ती धीराने दोन-तीन महिने लावावी लागतात. तीव्र मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या उत्तम काम करतात, पण गर्भाला त्यांचा गंभीर धोका असतो. म्हणून लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या मुलीने त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत. मुरुमे फोडू नयेत. मेडिकलमधून मैत्रिणीने सुचवलेले स्टिरॉइडचे क्रीम तर मुळीच लावू नये. आठ दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते आणि मुरुमे दुप्पट येतात.

हे उपचार आवाक्याबाहेर नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. ‘मुरुमांसाठी काय दवाखान्यात जायचं!’ असे म्हणणारे पालक पुढे खड्डे बुजवण्यासाठी कर्ज काढतात, तेव्हा वाईट वाटते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने चेहऱ्याची तक्रार केली, तर तो नखरा समजू नका. आरशापासून तोंड लपवणारे मूल वर्गात हात वर करायलाही कचरते.

प्रशासनाकडेही मागणे आहे. जिल्ह्यात बोगस डॉक्टर शोधण्यासाठी समिती असते. तिने पार्लर आणि ‘स्किन क्लिनिक’च्या पाट्यांमागेही डोकावावे. सुई टोचणारी व्यक्ती कोणत्या परिषदेकडे नोंदणीकृत आहे, वापरलेल्या सुया २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे न टोचणाऱ्या बंद डब्यात जातात की उकिरड्यावर, एवढे दोन प्रश्न विचारले तरी बरेच काही उघड होईल. पार्लर चालवणाऱ्या भगिनींच्या पोटावर पाय द्यायचा नाही. त्यांचे काम त्यांनी जरूर करावे. पण त्वचेतून रक्त काढणारी सुई हे त्यांचे काम नव्हे.

आणि ज्यांना खरोखर खड्ड्यांवर उपचार घ्यायचा आहे, त्यांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, सुईचे पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडायला सांगावे आणि लग्नाची तारीख निघण्याआधी निदान सहा महिने सुरुवात करावी. मुहूर्त जवळ आला असेल, तर सुईच्या नादी न लागता चेहरा साध्या पाण्याने धुवावा, उन्हात निघताना डोक्यावर पदर किंवा टोपी घ्यावी आणि लग्नाला हसत उभे राहावे.

(लेखक शासकीय रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहेत.)