धोनी आला, तारीख आली, गेम मात्र आलाच नाही: 'फ्री फायर इंडिया'चा मॅटर नेमका काय?

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं चकलांबा. अशा एखाद्या गावातल्या पोराला गेमिंगबद्दल विचारा, तो प्लेस्टेशनचं नाव घेणार नाही. त्याच्या हातात सात-आठ हजारांचा मोबाईल असतो, तोही बऱ्याचदा वडिलांचा नाहीतर मोठ्या भावाचा. स्टोरेज कायम फुल्ल. त्या फोनवर न अडकता जो चालतो, तोच त्याचा गेम.

कित्येक वर्षं तो गेम होता गरेना कंपनीचा 'फ्री फायर'. पब्जीत 100 जण उतरायचे, मॅच अर्धा तास चालायची आणि स्वस्तातला फोन तव्यासारखा तापायचा. फ्री फायरमध्ये खेळाडू 50, मॅच दहाएक मिनिटांची आणि गेम हलका. सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पब्जी मोबाईल बंद केल्यावर तर गावोगावची पोरं इकडेच वळली.

मग फेब्रुवारी 2022 उजाडला. सुरक्षेचं कारण देत सरकारने 54 ॲप्सवर बंदी घातली, त्यात फ्री फायर होता. गरेनाची मूळ कंपनी 'सी' सिंगापूरची, पण तिच्यात चीनच्या टेन्सेंटची मोठी गुंतवणूक. बंदीची बातमी आली त्या दिवशी अमेरिकेच्या बाजारात सीचा शेअर सुमारे 18 टक्के पडला आणि कंपनीचं बाजारमूल्य 16 अब्ज डॉलरनी कमी झालं. यावरून आपल्याकडची पोरं त्या कंपनीसाठी किती मोलाची होती, ते कळतं.

आता तुम्ही म्हणाल, 'फ्री फायर मॅक्स' तर चालूच आहे की. बरोबर. बंदीच्या यादीत मॅक्स नव्हता आणि जुनी आयडी त्यात चालते, त्यामुळे जमवलेले कपडे, बंदुकांच्या स्किन वाया गेल्या नाहीत. पण मॅक्सचं ग्राफिक्स भारी, म्हणजे फोनवर ताणही जास्त. ज्याचा फोन बरा, त्याचं निभावलं. ज्याचा फोन जुना, तो लॅग सहन करत बसला.

या पार्श्वभूमीवर 31 ऑगस्ट 2023 ची घोषणा वाचा. 'फ्री फायर इंडिया' येणार, तेही पाचच दिवसांनी, 5 सप्टेंबरला. चेहरा कोण, तर महेंद्रसिंह धोनी, आणि तो गेममध्ये 'थला' नावाचं कॅरेक्टर म्हणून खेळायलाही मिळणार. सोबत सुनील छेत्री, सायना नेहवाल, लिअँडर पेस आणि कबड्डीचा राहुल चौधरी. पालकांना लक्ष ठेवता येईल अशी सोय, खेळण्याच्या वेळेवर मर्यादा, 'थोडं थांबा' म्हणणारी सूचना. भारतातल्या खेळाडूंचा डेटा सांभाळायला हिरानंदानी समूहाची योट्टा कंपनी. यादी वाचून वाटत होतं की यावेळी कागदपत्रं पक्की आहेत. तीनच महिने आधी बीजीएमआय बंदीतून परतला होता, तेव्हा त्यालाही तीन महिन्यांच्या चाचणीची आणि वेळेच्या मर्यादेची अट होतीच. अठराखालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा.

आणि 4 सप्टेंबरला, म्हणजे आदल्या दिवशी, कंपनीने सांगितलं: काही आठवडे थांबा. कारण दिलं ते गेम आणखी नीट करायचं आणि भारतीय स्वरूप पूर्ण करायचं.

ते 'काही आठवडे' पुढे दोन वर्षांच्या पलीकडे लांबले.

उशीर होण्याचं चाहत्यांना नवल नाही. पुण्याच्या सुपरगेमिंगने 'इंडस' हा आपला बॅटल रॉयल 2022 मध्ये जाहीर केला, तो आला 16 ऑक्टोबर 2024 ला. 'जीटीए 6' ची तारीख तर जगभरात पुढे ढकलली गेली. पण तिथे नवी तारीख मिळते, अधूनमधून काहीतरी दाखवलं जातं. इथे नवी तारीखच नाही. खरा राग आहे तो याचा. शिवाय पाच दिवस आधी मुहूर्त जाहीर करणाऱ्या कंपनीला गेम तयार नसल्याचं आदल्या दिवशी कळलं, हे पटणं जरा अवघडच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. भारतात अशा गेमची तारीख एकट्या कंपनीच्या हातात नसते. बीजीएमआय जुलै 2021 मध्ये आला, वर्षभरात गायब झाला, मे 2023 मध्ये परतला. ॲप स्टोअरवरून रातोरात गेम जाऊ शकतो हे दोनदा बघितल्यावर कुठलीही कंपनी फुंकून ताक पिणार. प्रश्न इतकाच की मग धोनीला घेऊन ढोल वाजवायची घाई का केली?

या शांततेची किंमत मोजतात ती पोरंच. 'फ्री फायर इंडिया डाउनलोड' असं शोधलं की एपीके फाइलची दुकानं उघडतात. गेम प्ले स्टोअरवर नसताना ती फाइल खरी कशी असेल? फोन वडिलांचा असेल तर त्यातच बँकेचं ॲप आणि युपीआयही असतं. तेव्हा घरातल्या कुणी अशी फाइल टाकली असेल तर आधी ती काढा.

दरम्यान गरेनाने 2025 मध्ये भारतात पुन्हा स्पर्धा भरवली, 'इंडिया कप' नावाने. ती झाली मॅक्सवर. म्हणजे खेळाडू इथलेच, कप इथलाच, पण गेम जड असलेलाच. चकलांब्यातल्या त्या पोराला स्पर्धेत उतरायचं तर आधी नवा फोन लागणार.