फुलवालीचे दोन गुरू

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर आले. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्यावरून 'ती फुलराणी' हे मराठी नाटक लिहिले. उर्दूत बेगम कुदसिया झैदी यांनी त्याला 'आज़र का ख्वाब' हे रूप दिले. पिग्मॅलियन आणि आज़र हे दोघेही मूर्तिकार. पण विद्यार्थी म्हणजे दगड असतो काय?

एलायझा डूलिटल लंडनच्या रस्त्यावर फुले विकते. फुलांच्या दुकानात नोकरी करावी, ही तिची इच्छा. पण तिची बोली ऐकून तिला तेथे कोण घेणार? म्हणून ती उच्चारशास्त्राचे प्राध्यापक हिगिन्स यांच्याकडे जाते. ती फुकट शिकायला आलेली नाही. एका धड्याचे एक शिलिंग देण्याची तिची तयारी आहे.

हिगिन्स शिकवायला तयार होतात. पण तिच्यासाठी नव्हे, पैजेसाठी. सहा महिन्यांत या मुलीला डचेस म्हणून मिरवून दाखवीन, असे ते म्हणतात. ते कसून शिकवतात, हे मान्य केले पाहिजे. पण ते तिला घालूनपाडून बोलतात. पुढे हिचे काय होणार, असे घरातील मिसेस पिअर्स विचारतात, तेव्हा ते तो प्रश्न उडवून लावतात. पैज जिंकल्यावर तिला शाबासकीचा एक शब्दही मिळत नाही. एकदाचे संपले, असे म्हणून ते सुटकेचा श्वास टाकतात. तेव्हा एलायझा त्यांच्या सपाता त्यांच्याच अंगावर फेकते. तिचा राग मला योग्य वाटतो.

आपण सर्वांशी सारखेच वागतो, असे हिगिन्स म्हणतात. हे मला पटत नाही. श्रीमंत बाई उलट उत्तर देईल किंवा उठून जाईल. गरज घेऊन दारी आलेल्या मुलीला ती सोय कुठे?

कर्नल पिकरिंग यांनी तिला एकही उच्चार शिकवला नाही. मात्र पहिल्याच दिवशी त्यांनी तिला 'मिस डूलिटल' अशी आदराने हाक मारली. आपले खरे शिक्षण त्या हाकेपासून सुरू झाले, असे एलायझा सांगते. माझ्या मते तिचे खरे गुरू तेच.

मुलांनो, उर्दू बोलणाऱ्याला मराठीतला 'ळ' चटकन जमत नाही. मराठी बोलणाऱ्याची जीभ उर्दूतल्या 'क़ाफ़'वर अडखळते. चुकणाऱ्याची चूक जरूर दुरुस्त करावी, पण त्याला हसू नये. उच्चार सरावाने सुधारतो. दुखावलेले मन मात्र लवकर भरून येत नाही.