मनातला ताण, घरातला हिशेब

वैशाख सरत आला की खानदेशातल्या घराघरांत दोन गोष्टींची वाट पाहणे सुरू होते. एक पावसाची आणि दुसरी निकालाची. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो. रात्रीही भिंती तापलेल्या असतात, झोप लागत नाही. कापसाच्या बियाण्यासाठी पैसा उभा करायचा असतो. रावेर-यावलकडे कापणीला आलेली केळी वादळात आडवी होऊ नये म्हणून आभाळाकडे डोळे लागलेले असतात. 'नीट'चा पेपर देऊन आलेली मुलगी गुणांची बेरीज पुन्हा पुन्हा मांडत असते. या दिवसांत घरातली माणसे विनाकारण एकमेकांवर खेकसतात. कोणाचे डोके दुखते, कोणाला पित्त होते, कोणाचे जेवण पानात राहते. 'ऊन बाधले' असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा बाधलेला असतो तो ताण.

ताणाचा शास्त्रीय विचार फार जुना नाही. हान्स सेल्ये या मूळच्या व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथून 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, जखम, विषारी द्रव्य, अतिश्रम अशा अगदी वेगवेगळ्या कारणांनी उंदरांना त्रास झाला, तरी त्यांच्या शरीरात होणारे बदल मात्र सारखेच होते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी सुजलेल्या आणि जठरात व्रण पडलेले. शरीराच्या या प्रतिसादाला पुढे सेल्ये यांनी 'स्ट्रेस' हा यंत्रविद्येतला शब्द रूढ केला. आपण त्याला ताण म्हणतो.

संकट समोर आले की मूत्रपिंडावरच्या याच ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. छाती धडधडते, रक्तदाब वाढतो, रक्तात साखर उतरते, पचन मंदावते. पळायला किंवा लढायला शरीर सज्ज होते. वाटेत साप दिसला तर ही सज्जता प्राण वाचवते. साप निघून जातो, शरीर पूर्ववत होते. पण कर्जाचा हप्ता हा काही निघून जाणारा साप नव्हे. तो महिनोन् महिने उशाशी बसून असतो. सज्ज झालेले शरीर सैल होत नाही. मग झोप उडते, पित्त उसळते, मान-पाठ धरते, रक्तदाब चढतो आणि मधुमेह असलेल्याची साखर आटोक्यात राहत नाही.

ताण मुळीच नसावा, असे मात्र नाही. पूर्वी आपल्या विहिरींवर मोटा चालत. मोटेचा नाडा सैल पडला तर पाणी वर येत नसे आणि तोच नाडा वर्षानुवर्षे न बदलता ओढत राहिले तर एक दिवस तुटत असे. परीक्षेची थोडी धास्ती मुलाला अभ्यासाला बसवते, पेरणीची घाई शेतकऱ्याला पहाटे उठवते. प्रश्न आहे तो न थांबणाऱ्या ओढीचा.

खानदेशात ही ओढ अनेक रूपांत दिसते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला तेव्हा झाडे उभी होती, बोंडे लगडलेली होती आणि आत कापूस मात्र किडलेला होता. केळीवाल्याचा माल वर्षभर राबून तयार होतो आणि भावाचा आकडा एका दिवसात फिरतो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत रात्रपाळीमुळे झोपेचे वेळापत्रकच नसते. धुळ्यातल्या यंत्रमागावर काम करणाऱ्याला माग थांबला की मजुरी थांबण्याची भीती. पाऊस, भाव, पाळी यांपैकी काहीच या माणसांच्या हातात नाही. आणि ज्यावर आपला ताबा नाही, त्याचाच ताण सर्वांत जास्त पोखरतो.

अशा वेळी हातात काय उरते? आमच्या मते एक मोठी गोष्ट उरते, आणि तिच्याकडेच आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ती म्हणजे घरात बोलणे. आपल्याकडे कर्त्या पुरुषाने पैशाची चिंता बायकोला सांगायची नाही, ही मर्दुमकी समजली जाते. सोसायटीचे किती, खत-बियाण्याच्या दुकानाची उधारी किती, हातउसने किती, हे एकट्याच्या डोक्यात असते. घरच्यांना दिसतो तो फक्त त्याचा राग किंवा अबोला. त्यातून गैरसमज वाढतात, मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च ठरतो, कारण ऐपत किती हेच कोणाला ठाऊक नसते.

म्हणून पहिला उपाय अगदी साधा आहे. एका संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसांनी एकत्र बसावे आणि येणे-देणे कागदावर मांडावे. कागदावरचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याला शेवट असतो. डोक्यातल्या आकड्याला नसतो. कोणते देणे आधी फेडायचे, कोणते पुढे ढकलता येईल, कोणता खर्च टाळायचा, हे चार डोकी मिळून ठरवू शकतात. कर्ज त्या रात्री कमी होणार नाही, पण ते एकट्याच्या खांद्यावर राहणार नाही.

घरातल्या बाईचा ताण तर आकड्यांतही येत नाही. कंबरदुखी, चक्कर, अंगातून त्राण गेल्यासारखे वाटणे अशा तक्रारी घेऊन ती दवाखान्यात जाते आणि टॉनिकची बाटली घेऊन परतते. जुन्या चालीरीतींनी तिला मन मोकळे करण्याच्या काही जागा दिल्या होत्या. आखाजीला माहेरी यायचे, झोक्यावर बसून गाणी म्हणायची, त्या गाण्यांतून सासरचे गाऱ्हाणेही गायचे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) तिशीतच विधवा झाल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईने घरातली आणि शेतातली कामे करता करता ओव्या रचल्या. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे त्या १९५२ मध्ये पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. जाते गेले, त्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसून दळता दळता बोलण्याची वेळही गेली. तिच्या जागी दुसरी वेळ आपण दिली का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा.

मुलांचेही तसेच. परीक्षेच्या दिवशी पोट दुखणे हे नेहमीच नाटक नसते. किती गुण पडले, या प्रश्नाआधी झोप झाली का, हा प्रश्न विचारला जावा. शेजारच्या मुलाचे टक्के घरात मोजू नयेत.

बाकीचे उपाय वाचकांना ठाऊक आहेत, आचरणात मात्र नाहीत. झोपेची वेळ पाळावी. रोज अर्धा तास चालावे. उन्हाळ्यात पहाटे किंवा सांजेला. संथ, दीर्घ श्वास घेतल्याने छातीची धडधड खरोखरच उतरते. तंबाखूची चिमूट आणि दारूचा पेला घटकाभर बरे वाटायला लावतात, पण झोप आणि पैसा दोन्ही घेऊन जातात.

काही वेळा एवढ्याने भागत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, कशातच रस नाही, माणूस एकटा राहू लागला, 'मी नसलो तर बरे' असे बोलू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, त्रास किती आहे हे सरळ विचारावे. फवारणीची औषधे कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात असावीत. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे मानसोपचाराची सोय आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलिमानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, तेथे मराठीतून बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. कायद्यानेही आपली दृष्टी बदलली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याच्यावर उपचार करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. जे कायद्याला उमगले, ते भावकीला आणि गल्लीला उमगायला हरकत नसावी.

मृगाचा पाऊस वेळेवर पडेल की नाही, कापसाला काय भाव मिळेल, हे कोणीच सांगू शकत नाही. पेरणीआधीच्या या रविवारी मात्र एक काम प्रत्येक घराच्या हातात आहे. दूरदर्शन संच बंद करावा, मोबाइल बाजूला ठेवावा, वही-पेन घेऊन सगळ्यांनी एकत्र बसावे आणि घरात सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला आधी बोलू द्यावे.