पाण्याचा हिशेब पिकावरून होतो, पीकपेरा खरा लिहा

पाणलोटाचा आराखडा गावात आला की आपण बंधारा कुठे धरला तेवढेच बघतो. नाल्याला किती पाणी येईल हा आकडा कशावरून काढला, हे ग्रामसभेत कुणी विचारत नाही. शेतकरी बंधूंनो, तो नुसत्या पावसावरून निघत नाही. जमीन कसली आणि तिच्या अंगावर काय उभे आहे, यावर तो ठरतो.

अमेरिकेच्या मृद संधारण खात्याने यासाठी केलेले कोष्टक आपल्याकडेही वापरतात. चिकण काळ्या जमिनीत उघड्या रानाला 94 अंक, समपातळीत पेरलेल्या चांगल्या पिकाला 86. फरक आठाचाच. पण दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर पहिल्या रानातून 35 मिलिमीटर वाहून जातो, दुसऱ्यातून 21. हेक्टरी 1 लाख 40 हजार लिटरचा फरक पडला की!

आता परभणीकडे बघा. जूनच्या पहिल्या पावसात रान उघडेच. सोयाबीन निघाले की पुन्हा उघडे, कापूस-तुरीचे मात्र झाकलेले. सगळ्याला 'खरीप' असा एकच शेरा मारून कसे भागेल? शिवाय उन्हाळ्यात भेगाळलेली आपली जमीन पहिला पाऊस गटागटा पिते, ते त्या कोष्टकाला काय ठाऊक? ते इथेच मोजावे लागेल. कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे.

2021 पासून ई-पीक पाहणी तुमच्या हातात आहे. शेजाऱ्याचे बघून सोयाबीन ठोकून देऊ नका. पडीक असेल तर पडीकच लिहा. आणि गावच्या महसूल व कृषी कर्मचाऱ्यांनी त्या नोंदी शिवारात ताडून, कोणता अंक धरला ते ग्रामसभेत वाचून दाखवावे.