मालक रात्री कुठं झोपतो?

वेस्ट इंडीज मराठी माणसाला कळलं ते क्रिकेटमुळं. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघानं तिथं जाऊन मालिका जिंकली, सुनील गावसकरांनी पदार्पणाच्याच मालिकेत ७७४ धावा काढल्या, आणि पोर्ट ऑफ स्पेन, किंग्स्टन, ब्रिजटाऊन ही नावं आपल्याकडं घरोघरी तोंडात बसली. तिथला समुद्र कसा दिसतो, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आता नव्या सांगवीतल्या एका वाचकांनी विचारलंय. भोसरीत नोकरी, बायको शाळेत शिक्षिका, दोन मुलं आणि सोबत आई. कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर आठवडाभर राहायचंय. चकचकीत हॉटेल नको, साधी, झोपडीवजा, परवडणारी जागा हवी. ती निवडायची कशी?

जागा मिळेल हो, अडचण विमानाची आहे. भारतातून तिकडं थेट विमान नाही. लंडन, ॲमस्टरडॅम किंवा अमेरिकेवरून जावं लागतं. बार्बाडोस, जमैका यांसारख्या देशांत आपल्या पासपोर्टवर थोड्या दिवसांसाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, पण वाटेत अमेरिकेत विमान बदलायचं तर अमेरिकेचा व्हिसा हवाच. पाच माणसांची तिकिटं काढल्यावर झोपडी स्वस्त मिळाली काय आणि महाग मिळाली काय! पण प्रश्न चांगला आहे, कारण त्याचं उत्तर त्या बेटांनी आपल्या आधी शोधलंय, तेही दोन उलट दिशांनी.

एक दिशा जमैकाची. माँटेगो बे इथं १९८१ मध्ये सँडल्स नावाचं रिसॉर्ट सुरू झालं आणि एकदाच पैसे भरा, आत सगळं फुकट, ही पद्धत त्या बेटांवर चांगलीच रुजली. जेवण, दारू, होडी, गाणं, सगळं आतच. पाहुणा विमानतळावरून गाडीनं आत शिरतो आणि आठवड्यानं तसाच परत जातो. बाहेरच्या टपरीवाल्याला त्याचा काय उपयोग? दुसरी दिशा क्युबाची. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाची मिळकत आटली, माणसं अर्धपोटी राहू लागली, आणि १९९७ मध्ये सरकारनं नागरिकांना स्वतःच्या घरातली खोली परदेशी पाहुण्यांना भाड्यानं द्यायची रीतसर परवानगी दिली. 'कासा पार्तिक्युलार' म्हणतात तिथं. दारावर नांगरासारखं निळं चिन्ह असतं. ते दिसलं की बेल वाजवायची. घरची बाई दार उघडते, खोली दाखवते, सकाळी कॉफी-फळं देते, रात्री जेवणार का विचारते. तिचं कुटुंब त्याच छपराखाली असतं.

मी त्या वाचकांना लिहिलं, क्युबा राहू दे, कासा पार्तिक्युलार तुम्हाला दिवेआगरला मिळेल. आणि खोली निवडताना समुद्र किती लांब, एसी आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा: मालक रात्री कुठं झोपतो?

सांगवीत हा प्रश्न कामाचा आहे, कारण इथं कोकणात गाव असलेली माणसं कमी. कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी सोलापूर-साताऱ्याचं. कारखान्यांमुळं आलेली ही वस्ती. समुद्र बघायचा तर खोली घ्यावी लागते. (कोकणात ज्यांचं गाव आहे त्यांना खोली लागत नाही, पण सुट्टीही मिळत नाही. गेल्या गेल्या कौलं परतायला वर चढावं लागतं आणि संध्याकाळी चुलत्याशी बांधावरून बोलावं लागतं.) मग माणूस फोन उघडतो, फोटो बघतो आणि फोटोला भुलतो.

सध्या फोटोत साधेपणा फार छान निघतो. बांबूच्या भिंती, गोणपाटाचे पडदे, कंदिलात एलईडीचा दिवा, चहा पत्र्याच्या मगात. रात्रीचं भाडं सात-आठ हजार. मालक मुंबईत किंवा पुण्यात, व्यवस्थापक तिसऱ्याच राज्यातला, आणि जेवणाच्या यादीत पनीर बटर मसाला. त्या बांबूला कुणाचा आक्षेप असायचं कारण नाही. माझा आक्षेप भाड्याला आहे. गावाचं साधेपण विकून गावाला त्यातलं काय मिळतं, तर खोल्या झाडायचं काम. तेच दोन गल्ल्या आत जा. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढं पडवी, मागं विहीर आणि पोफळीची वाडी. अशा घराला लागून बांधलेल्या दोन-तीन खोल्या, बिनएसीच्या, सुट्टीचा हंगाम सोडला तर दीड-दोन हजारांत मिळून जातात. फोटो मात्र भिकार. खाटेवरची फुलाफुलांची चादर आणि कोपऱ्यात निळी बादली. हा भिकार फोटो मला नेहमी भरवशाचा वाटत आलाय.

फोन लावला की पहिल्या मिनिटात अंदाज येतो. "काकू, तुम्ही त्याच घरात राहता का?" असं मालवणात विचारलं तर "मग आणि खंय रवतलंय?" असं उलट उत्तर आलं पाहिजे. ते आलं की पुढचे निम्मे प्रश्न गळतात. पाणी वेळेवर येईल, कारण त्याच विहिरीवर तिचंही घर चालतं. उशिरा पोचलात तरी दार उघडेल. रात्री मुलाला ताप आला तर गावातला डॉक्टर कुठं राहतो, हे तिला माहीत असतं. व्यवस्थापकाला माहीत असेल, पण तो उठायला हवा.

कायद्यालाही हे घरातलं राहणं पटलेलं आहे, हे फार जणांना माहीत नसतं. जानेवारी २०१९ च्या किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनं ग्रामीण किनाऱ्यावर स्थानिकांना आणि कोळ्यांना राहत्या घरात पाहुणे ठेवायला मुभा दिली. अट एकच, घराचं जोतं, आराखडा आणि दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे घर आहे तसं ठेवा आणि पाहुणे घ्या. राज्याची निवास व न्याहारी योजनाही राहत्या घरात पाहुणे ठेवण्याचीच. आणि २०२३ च्या 'आई' धोरणात, पर्यटनाचा व्यवसाय करणाऱ्या बायकांना १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा ठेवलाय. ते रास्तच आहे, कारण या घरांत खोली नवऱ्याच्या नावावर असली तरी पहाटे घावणे घालायला उठते ती बाईच.

पण ही घरं बदलतायत आणि बदलायला लावणारे आपण आहोत. आपण एसी मागतो. कौलारू छपराखाली एसी चालत नाही, गार हवा कौलांच्या फटीतून निघून जाते. कौलारू छप्पर असतंच मुळी हवा खेळती राहावी म्हणून. मग मालक खाली फॉल्स सीलिंग ठोकतो, तरी भागत नाही म्हणून कौलं उतरवून स्लॅब टाकतो. स्लॅब दिवसभर तापतो, म्हणून एसीशिवाय तिथं बसवत नाही. कर्ज, वीजबिल आणि भाडं तिन्ही वाढतात, आणि पुढच्या वर्षी आपणच म्हणतो, कोकण महाग झालं. पाण्याचं तर याहून नाजूक. मालवणजवळचं देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधली वाळूची चिंचोळी पट्टी. अशा पट्टीवरच्या विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंप लावून भसाभसा उपसलं की खालचं खारं वर येतं. बादलीनं आंघोळ करा असं तिथली वहिनी सांगते ती कंजूषपणानं नाही.

आता पैशाचं. आपल्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते आणि सांगवीकर त्याबद्दल कायम कुरकुरत असतात, बायको-मुलांना रविवार आणि आपल्याला गुरुवार. खोलीच्या बाबतीत मात्र ही सुट्टी सोन्याची आहे. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची झुंबड, बुधवार-गुरुवारी घर रिकामं. मे महिन्यात मुलांची शाळा नसते. बुधवारची पहिली पाळी संपवून ताम्हिणीमार्गे निघालात तर रात्रीच्या जेवणाला दिवेआगर. शनिवारच्या भावात आणि बुधवारच्या भावात सहज तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडतो, आणि तो मागायला लाज वाटायचं कारण नाही. एकच मेख आहे. कोकणातल्या कित्येक घरांत सोमवारी किंवा गुरुवारी मासळी शिजत नाही. सुरमईच्या ओढीनं गेलेल्या कामगाराच्या ताटात नेमक्या सुट्टीच्या दिवशी काजूची उसळ. ती वाईट नसते, पण घरी तोंड दाखवायची पंचाईत. तेव्हा वार विचारून घ्या. दिवेआगर, केळशी, आंजर्ले या बाजूला अनेक घरं शाकाहारीच. तिथं उकडीचे मोदक हवेत तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, ऐनवेळी मिळत नाहीत.

ॲपवरून खोली घेण्यापेक्षा फोनवरून घेतलेली स्वस्त का पडते, याचंही कारण आहे. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या घरमालकाला जीएसटीची नोंदणी लागत नाही. तीच खोली ॲपवरून गेली की कर ॲपवाल्या कंपनीला भरावा लागतो आणि तिचं कमिशन निराळं. ते तुमच्याकडून तरी जातं, नाहीतर त्या काकूंच्या पदरातून. ॲपवर शोधा, नंबर मिळवा, बोला. आगाऊ रक्कम थोडीच पाठवा, आणि ज्याच्या नावावर पाठवताय तो खरोखर त्या गावात आहे का हे तिथल्या दुसऱ्या एखाद्या दुकानदाराला विचारून घ्या. खोट्या खोल्या दाखवून पैसे उकळणारे भरपूर झालेत. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर केला की रक्कम हाती लागत नाही.

आणि घासाघीस. आपल्याकडं ती अंगवळणी पडलेली आहे. पण कुठं करायची याला काही धरबंद हवा. सात हजारांच्या बांबूत करा, खुशाल करा. दीड हजारांच्या खोलीत "दादा, हजार करा ना" म्हणणाऱ्यानं आधी वाडीतून एक फेरी मारावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, दिवेआगरपासून दापोलीपर्यंत माड-पोफळी मुळासकट लोळवल्या. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात. तेवढा काळ ज्या घरांना खोल्यांच्या भाड्यानं हात दिला, त्यांच्याकडं पाचशे रुपये वाचवून आपण नेमकं काय साधतो? वाचवायचेच तर प्रवासात वाचवा. वल्लभनगर आगारातून कोकणात एसटी जातात. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासून फुकट. त्या वाचकांच्या पाच जणांच्या कुटुंबात आई, बायको आणि मुलगी मिळून किती वाचतात याचा हिशेब बाईंनी शाळेत मुलांना घालायला हरकत नाही.

काही वेळा खोली मागूच नये. गणपतीत कोकणातलं घर पाहुण्यांसाठी नसतं, चाकरमानी परतलेले असतात आणि ज्या खोलीत तुम्ही झोपणार त्या खोलीत मालकाचे चार भाऊ झोपलेले असतात. तेव्हाही "एखादी खोली होईल का" म्हणून फोन करणारे लोक मी पाहिलेत. नाताळच्या आठवड्यात मालवण-गोव्यात खोली मिळते, पण भाव ऐकून उठून बसाल.

बेटच हवं हा हट्ट असेल तर तोही पुरवता येतो. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे, पण तिथं पाहुण्यांना मुक्काम नाही, होडीनं जाऊन परत यायचं. मुक्कामाला गोव्याचं दिवाडी बेट घ्या. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं काही मिनिटांत पलीकडं, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मांडवीचं पाणी, भातखाचरं, जुनी घरं आणि त्या घरांतल्या काही खोल्या. समुद्रकिनारा मात्र नाही. मुलांना वाळू हवी असेल तर दिवाडी नको.

वाचकांचं उत्तर आलंय, त्यांनी देवबागचं घर निवडलंय. आईच्या गुडघ्यांमुळं कमोड असलेली खोली हवी, हा प्रश्न सांगायचा माझ्याकडून राहिला होता, तो त्यांनी स्वतःच देवबागच्या काकूंना विचारला. एका खोलीत आहे, दुसरीत नाही. आईंना पहिली, बाकीच्यांना दुसरी. रजेला जोडून बुधवार ते शनिवार सकाळ असं ठरलंय, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात. ते बरं केलं, कारण किल्ल्याकडं जाणाऱ्या होड्या आणि पाण्यातले खेळ २५-२६ मेच्या सुमारास बंद होतात ते थेट ऑगस्टअखेरपर्यंत, आणि १ जूनपासून दोन महिने यांत्रिक होड्यांची मासेमारीही. कॅरिबियनचं काय, असं मी विचारलं नाही.