नकार वेळेवर द्यावा
भोसरी एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्यांना काम नाकारणं जिवावर येतं. गिऱ्हाईक तुटेल म्हणून सगळंच घेतात आणि मग तारखा चुकतात.

एका सीएनसी मशीनवर चार कामं आहेत समजा. २ तासांचं काम तिसऱ्या तासापर्यंत द्यायचंय, ६ तासांचं आठव्या. ३-३ तासांची दोन, नवव्या आणि दहाव्या तासापर्यंत. याच क्रमानं सगळी केली तर शेवटची दोन्ही हुकतात. ६ तासांचं सोडलं, तर उरलेली तिन्ही वेळेत!

जे. मायकेल मूर यांनी १९६८ मध्ये मांडलेली रीत हीच: मुदतीनुसार कामं लावत जायची, वेळ हुकली की त्यातलं सर्वांत लांबलचक काढायचं. मोठ्या कामात पैसा जास्त असेल, तर मात्र हिशेब बदलतो.

नकार पहिल्याच दिवशी कळवावा. गिऱ्हाइकाला दुसरं वर्कशॉप शोधता येतं.