कुलूप कोणासाठी?

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. पंगत उठली. हात धुवायला मागच्या बाजूला गेलो, तर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' अशी पाटी दिसली आणि तिच्याखालच्या दाराला साखळी घालून ठोकलेले भलेमोठे कुलूप! व्यवस्थापक म्हणाले, "काय करणार साहेब, इथून भांडी जातात." किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन जेवायला बसला होता.

हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात 59 माणसे धुराने गुदमरून गेली. बाल्कनीतली बाहेर पडण्याची एक वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती.

चोराला अडवायचे की माणसांना सोडायचे, असा पेच मुळात उरलेलाच नाही. 1903 साली शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहाच्या आगीत सहाशेच्या वर प्रेक्षक दगावले. कार्ल प्रिन्झलर नावाच्या विक्रेत्याला त्या खेळाला जायचे होते, पण कामामुळे ते राहून गेले. त्याच्या ध्यासातून पुढे 1908 मध्ये 'पॅनिक बार' बाजारात आला. दाराच्या आतल्या बाजूला कंबरेच्या उंचीवर एक आडवी दांडी असते. ती ढकलली की खिटी सुटते. किल्ली नको, मूठ फिरवणे नको. अंधारात, गर्दीच्या रेट्यानेही दार उघडते. बाहेरून मात्र ते बंदच राहते. म्हणजे भांडीही सुरक्षित आणि माणसेही!

अर्थात दांडी बसवली की काम संपले, असे नाही. दार बाहेरच्या दिशेने उघडणारे हवे. दोन फळ्यांच्या दाराला वर-खाली जाणाऱ्या सळ्या असतात. खालची सळी फरशीतल्या ज्या भोकात बसते, तिथे कचरा साचला की सळी नीट बसत नाही. अग्निरोधक दाराला त्याच प्रतीचे, चाचणी झालेले साहित्य लागते. तिथे दांडी दाबून अडकवून ठेवण्याची सोय चालत नाही. आगीच्या वेळी दार आपोआप मिटून खिटी लागली पाहिजे. आणि दाराबाहेर खुर्च्यांची चळत रचली असेल, तर सगळेच व्यर्थ.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. पण कागदावरचे दार आणि भिंतीतले दार यांत अंतर पडते, ते आपण कोणी विचारत नाही म्हणून.

कार्यालय ठरवताना आपण ताटाचा दर विचारतो, पार्किंग पाहतो. यापुढे मागचे दारही एकदा ढकलून पाहू या. ते उघडले नाही, तर कार्यालय दुसरे शोधावे, हे बरे.